माळ्यावरचा खोकला: 'आरोहण' पहिल्यांदा बघणाऱ्यांसाठी

दोन सैनिक एका शेतकरी बाईच्या घरात माळ्यावर लपलेत. खाली पोलीस झडती घेतायत. दोघांपैकी एकाच्या पायाला गोळी लागलीय, अंगात ताप आहे आणि छाती कफाने भरलीय. तो तोंड दाबून धरतो, श्वास कोंडतो, डोळ्यांत पाणी येईपर्यंत कळ काढतो. तरी खोकला बाहेर पडतोच.

सोव्हिएत दिग्दर्शिका लारिसा शेपित्को हिच्या 'वस्खझ्देनिये' या १९७७ सालच्या चित्रपटातला हा प्रसंग. इंग्रजीत तो 'द असेंट' म्हणून ओळखला जातो. मराठीत 'चढण' म्हणता येईल, पण नावात नुसत्या टेकडीच्या चढापेक्षा जास्त काही आहे, म्हणून मी 'आरोहण' म्हणतो. शत्रूच्या मुलखात अडकलेल्या सैनिकांवर पुष्कळ चित्रपट निघाले. या वाटेला नव्याने येणाऱ्या माणसाला मी मात्र आधी हाच दाखवतो. गेली काही वर्षं घरी आठ-दहा जणांना जमवून आम्ही युद्धपट बघतो, त्यात 'आरोहण' चार वेळा झाला. दर वेळी कोणीतरी पहिल्या अर्ध्या तासात चुळबुळ करतं आणि दर वेळी तेच माणूस शेवटी जागचं हलत नाही. ही चुळबुळ कशाने होते आणि ती कशी टाळावी, ते सांगण्यासाठी हा लेख.

शेवट मी फोडणार नाही. खोकल्याचा प्रसंग साधारण मध्याकडचा आहे आणि तो आधी कळल्याने काही बिघडत नाही. पकडले गेल्यावर जे होतं त्यात या चित्रपटाचा जीव आहे.

पहिली पायरी: आधी दहा मिनिटं इतिहासाला द्या

गोष्ट बेलारूसमधली, काळ १९४२चा हिवाळा. २२ जून १९४१ला जर्मनीने सोव्हिएत संघावर हल्ला केला आणि आठवडाभरात, २८ जूनला, बेलारूसची राजधानी मिन्स्क पडली. तिथून पुढे तीन वर्षं, ३ जुलै १९४४ला मिन्स्क सुटेपर्यंत, हा प्रदेश जर्मनांच्या ताब्यात होता. सोव्हिएत फौजा पूर्वेकडे मागे हटल्या आणि मागे उरलेल्या मुलखात, जंगलांच्या आधाराने, पार्टिझन म्हणजे गनिमी तुकड्या लढत राहिल्या. त्यांत वाट चुकलेले सैनिक होते, गावकरी होते, बायका होत्या, कधीकधी मुलंही असत.

दोन शब्द आधीच माहीत करून घ्या, कारण सबटायटल्समध्ये ते झरझर निघून जातात. 'स्तारोस्ता' म्हणजे जर्मनांच्या अमलाखाली गावाचा कारभार बघणारा मुखिया, आपल्याकडच्या पाटलासारखा. 'पोलित्साई' म्हणजे जर्मनांसाठी काम करणारे स्थानिक पोलीस, त्याच गावांतले, तीच भाषा बोलणारे. माझ्याकडे पहिल्यांदा बघायला आलेल्यांपैकी निम्म्या लोकांचा इथेच गोंधळ उडाला होता. झडती घेणारे, ढकलणारे, शिव्या देणारे जर्मन असतील असं ते धरून बसले आणि मग हे लोक एकमेकांना ओळखल्यासारखं का बोलतायत ते त्यांना कळेना.

गावकरी सैनिकांना दारात बघून घाबरतात, चिडतात, त्यामागेही कारण आहे. पार्टिझनना आसरा दिल्याच्या नुसत्या संशयावरून गावंच्या गावं पेटवली जात होती. मिन्स्कजवळच्या खातिन गावात २२ मार्च १९४३ला १४९ माणसं जाळून आणि गोळ्या घालून मारली, त्यांत ७५ मुलं होती. बेलारूसमध्ये माणसांसकट जाळलेल्या गावांची संख्या सहाशेच्या वर जाते. तेव्हा चित्रपटातली बाई दार उघडल्या उघडल्या त्या दोघांवर ओरडते तेव्हा तिला कजाग समजू नका. तिला तीन मुलं आहेत.

दुसरी पायरी: बघायची तयारी

चित्रपट कृष्णधवल आहे, साधारण ११० मिनिटांचा, रशियन भाषेत. मॉसफिल्म या निर्मात्या स्टुडिओच्या यूट्यूब वाहिनीवर त्यांचे जुने चित्रपट इंग्रजी सबटायटल्ससह असतात. आधी तिथे शोधा. दुरुस्त केलेली, स्वच्छ प्रत मिळाली तरच बघा, हा माझा आग्रह आहे. मी पहिल्यांदा पाहिला तो लॅपटॉपवर, कुठून तरी मिळालेल्या फिकट प्रतीत, आणि सबटायटल्स तीन सेकंद मागे चालत होत्या. अर्ध्याहून जास्त पडदा बर्फाने पांढरा असलेल्या चित्रपटात प्रत खराब असली की नुसता चुना दिसतो. चांगल्या प्रतीत तुम्हाला बर्फावरची पावलं दिसतात, पापण्यांवर गोठलेलं दव दिसतं, ओठांच्या भेगा दिसतात. गोष्ट तिथे घडतेय.

खोली अंधारी करा. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. आवाजासाठी टीव्हीच्या स्पीकरवर भागवू नका, निदान हेडफोन तरी लावा. आल्फ्रेड श्निट्के यांचं संगीत बराच वेळ वाऱ्याच्या आवाजात मिसळून येतं, ते कधी सुरू झालं हे पटकन लक्षातही येत नाही. आणि मधे चहासाठी थांबू नका. आम्ही एकदा थांबलो होतो. परत बसल्यावर थंडी गेली होती आणि ती पुन्हा अंगात भिनायला वीस मिनिटं लागली.

जेवून लगेच बसू नये, हेही सांगून ठेवतो. चित्रपटाच्या सुरुवातीला तुकडीतल्या माणसांना मूठ-मूठ दाणे वाटले जातात. त्या मुठीकडे माणसं कशी बघतात ते थोड्या रिकाम्या पोटी जास्त कळतं.

तिसरी पायरी: पहिली वीस मिनिटं माणसांकडे बघा

सुरुवातीला बर्फ पडतंय, तारेचे खांब दिसतायत, आणि जिथे कोणीच नाही असं वाटतं त्या पांढऱ्या पठारावर बर्फातूनच माणसं उठून उभी राहतात. चकमक होते, पाठलाग होतो, तुकडी जंगलात शिरते. एवढीच काय ती लढाई. पुढे रणगाडे येतील, पूल उडेल, धाडसी सुटका होईल या आशेवर बसलात तर चित्रपट हातातून निसटेल. चुळबुळीचं मूळ इथे आहे.

तुकडीकडे खायला काही उरलेलं नाही म्हणून दोघांना अन्न आणायला पाठवतात. रिबाक हा कसलेला, धडधाकट सैनिक. सोत्निकोव्ह युद्धाआधी शिक्षक होता, आता आजारी आहे, खोकतोय, तरी निघालाय. ज्या वाडीवर जायचं ती जळून गेलेली सापडते. मग ते एका स्तारोस्त्याच्या घरी धडकतात. म्हातारा बायबल वाचत बसलाय. रिबाक त्याला शत्रूचा माणूस म्हणून दरडावतो आणि एक मेंढी घेऊन दोघं बाहेर पडतात. या म्हाताऱ्याला विसरू नका. त्याच्याबद्दल आत्ता तुमचं जे मत होईल ते एका कागदावर लिहून ठेवा, हवं तर. आमच्याकडे मी खरंच चिठ्ठ्या लिहून घेतो आणि चित्रपट संपल्यावर वाचायला देतो.

चौथी पायरी: बर्फातली ओढाओढ पूर्ण बघा

या प्रसंगावर मी जरा जास्त वेळ थांबणार आहे.

वाटेत गस्त त्यांना गाठते. सोत्निकोव्हच्या पायाला गोळी लागते. तो उघड्या माळावर पडून राहतो, एकटाच गोळीबार करत राहतो, आणि जिवंत हाती लागायचं नाही म्हणून बंदूक स्वतःकडे वळवतो. तेवढ्यात रिबाक परत येतो. तो निसटला होता, सुरक्षित होता, तरी माघारी फिरलाय. मग तो सोत्निकोव्हला धरून ओढत, सरपटत, झुडपांतून नेत राहतो.

दिग्दर्शिका हे झटपट उरकत नाही. धापा ऐकू येतात, कपड्यांवर बर्फ घासल्याचा आवाज येतो, कॅमेरा त्यांच्याबरोबर जमिनीलगत रांगतो. थोडं पुढे गेले, थांबले, पुन्हा थोडं पुढे. बघणाऱ्याला वाटतं आता पुढचा प्रसंग यावा. तो येत नाही. नवीन माणूस नेमका इथे घड्याळ बघतो. माझं सांगणं एवढंच, या वेळी फक्त रिबाककडे बघा. त्याच्या अंगात जगण्याची जी चिवट ओढ आहे ती तो इथे दोघांसाठी वापरतोय. मरायचं नाही, याला मरू द्यायचं नाही, एवढंच त्याच्या डोक्यात आहे. ही ओढ मनात पक्की करून ठेवा, कारण उत्तरार्धात तीच ओढ, जराही न बदलता, त्याला दुसरीकडे घेऊन जाणार आहे.

हे चित्रीकरण मॉस्कोच्या पूर्वेला मुरोम या गावाच्या परिसरात, उणे ४० अंशांपर्यंत उतरलेल्या थंडीत झालं. नटांच्या चेहऱ्यावरचं दव खरं आहे. सोत्निकोव्ह झालेला बोरिस प्लोत्निकोव्ह तोवर पडद्यावर आलाच नव्हता, स्वेर्दलोव्स्कच्या रंगभूमीवरचा तरुण नट होता तो. रिबाक झालेला व्लादिमिर गोस्त्युखिनही तेव्हा प्रेक्षकांना फारसा माहीत नव्हता. ओळखीचा चेहरा बघितला की आपण त्याच्या जुन्या भूमिका बरोबर घेऊन येतो. इथे ती सोय नाही, त्यामुळे ही दोन माणसं आपल्याला त्या बर्फातच पहिल्यांदा भेटतात.

पाचवी पायरी: 'फितूर' हा शब्द जरा रोखून धरा

मराठी माणसाच्या तोंडात हा शब्द लहानपणापासून तयार असतो. चौथीच्या इतिहासात अफजलखानाला जाऊन मिळालेला खंडोजी खोपडे भेटतो तेव्हापासून फितुराचा एक ठरलेला चेहरा आपल्या मनात असतो: लोभी, भित्रा, वतनासाठी हपापलेला. माळ्यावरचा खोकला आला, दोघं पकडले गेले, त्यांच्याबरोबर त्या तीन मुलांच्या आईलाही नेलं, की हा शब्द तुमच्या ओठांवर यायला लागेल. त्याला थोडं थांबवा.

रिबाक लोभी नाही. भित्राही नाही, हे तुम्ही बर्फात पाहिलंय. तो प्रत्येक वळणावर एकच हिशेब करतो: आत्ता जगलो तर पुढे काहीतरी करता येईल. थोडं बोललो तर काय बिघडलं, त्यांना ते ठाऊकच असेल. थोडा वेळ मिळाला तर पळता येईल. त्याचं एकेक वाक्य वेगळं काढून बघितलं तर त्यात चुकीचं असं काही सापडत नाही. आमच्या एका बैठकीत एक कॉलेजातला मुलगा शेवटपर्यंत रिबाकच्या बाजूने भांडत होता, आणि मला त्याचं भांडण फार मोलाचं वाटलं. जो रिबाकच्या जागी स्वतःला एकदाही उभं करत नाही त्याने अर्धाच चित्रपट पाहिला, असं माझं मत आहे.

एका ठिकाणी नवीन प्रेक्षक हमखास चकतो, ते सांगतो. कैद्यांना घसरगाडीवरून नेत असताना अचानक रिबाक उडी मारून पळताना दिसतो आणि गोळी लागून पडतो. दुसऱ्या क्षणी तो पुन्हा गाडीवरच बसलेला असतो. प्रत बिघडलेली नाही. ते त्याच्या मनात चाललंय. तो पळून जायची कल्पना करतो आणि त्या कल्पनेत दर वेळी मरतो. या माणसाला मरणाचं चित्र किती स्पष्ट दिसतं ते दिग्दर्शिकेने शब्दांशिवाय सांगितलंय.

सहावी पायरी: चौकशीच्या खोलीत चेहरे वाचा

चौकशी करणारा पोर्त्नोव्ह जर्मन नाही, सोव्हिएत माणूसच आहे. जर्मन अधिकारी आसपास असतात, पण खरं बोलणं एकाच देशातल्या माणसांमध्ये चालतं. पहिल्या पायरीत मी त्या दोन शब्दांवर जोर दिला तो यासाठी. शत्रूची फळी नकाशावर शोधत गेलात तर ती या खोलीत, एका टेबलाच्या दोन बाजूंना सापडते.

पोर्त्नोव्हची भूमिका अनातोली सोलोनित्सिनने केलीय. आंद्रेई तार्कोव्स्कीच्या चित्रपटात मध्ययुगीन चित्रकार आंद्रेई रुब्ल्योव्ह साकारणारा नट तो हाच. ज्या चेहऱ्यावर लोकांनी एका साधुवृत्तीच्या कलावंताची वेदना पाहिली होती, त्याच चेहऱ्याला शेपित्कोने इथे छळ करणाऱ्याच्या खुर्चीत बसवलंय. तो ओरडत नाही. समजावतो. सोत्निकोव्हला तो जे सांगतो त्यात बरंचसं तर्काला धरून आहे, आणि म्हणून ते ऐकताना घशाला कोरड पडते. छळाचा एक प्रसंग आहे, छोटा पण सोसायला जड. मुलं बरोबर असतील तर याचा विचार आधी करा.

इथून पुढे सोत्निकोव्हच्या चेहऱ्यावरचा उजेड बदलत जातो. सुरुवातीला खोकणारा, काळवंडलेला, कुरकुरा वाटणारा माणूस हळूहळू स्वच्छ दिसायला लागतो, डोळे मोठे आणि स्थिर होतात. ख्रिस्ताच्या कथेचे पडसाद तुम्हाला जाणवतील, ते मुद्दाम आणलेले आहेत. रशियन भाषेत 'रिबाक' म्हणजे कोळी, मासे पकडणारा. येशूचा शिष्य पीटर हाही कोळीच होता, आणि त्यानेच तीनदा 'मी याला ओळखत नाही' म्हटलं होतं. पण बायबल माहीत नसेल तरी काही अडत नाही. तळघरातली रात्र बघा. सोत्निकोव्ह, रिबाक, तीन मुलांची आई देम्चिखा, तो म्हातारा स्तारोस्ता आणि बास्या नावाची एक ज्यू मुलगी अशी पाच माणसं तिथे आहेत. तुम्ही म्हाताऱ्याबद्दल लिहिलेली चिठ्ठी आठवायची वेळ हीच.

सातवी पायरी: संपल्यावर लगेच दिवा लावू नका

दोन-चार मिनिटं तशीच जाऊ द्या. मग बोला. सुरुवातीला 'तू काय केलं असतंस' हा प्रश्न टाळा, त्यावर माणसं भाषणं करतात. त्यापेक्षा 'रिबाक नेमका कुठे घसरला' असं विचारा. प्रत्येक जण वेगळा क्षण सांगतो आणि तिथून खरी चर्चा सुरू होते. कोणी म्हणतं पहिल्या चौकशीत, कोणी म्हणतं तळघरात, आमच्याकडची एक शिक्षिका म्हणाली की म्हाताऱ्याच्या घरात, कारण तिथे त्याने दुसऱ्याची अडचण न विचारता निकाल दिला होता.

मग थोडं दिग्दर्शिकेबद्दल वाचा. शेपित्कोचा जन्म १९३८चा, युक्रेनमधला. मॉस्कोच्या चित्रपट संस्थेत ती अलेक्सांद्र दोव्हझेन्कोची विद्यार्थिनी होती. 'आरोहण'च्या आधी गरोदरपणात तिला पडून गंभीर दुखापत झाली, बराच काळ ती अंथरुणाला खिळून होती आणि आपण मरू शकतो हे तिने त्या दिवसांत जवळून पाहिलं. चित्रपट वासिल बिकोव्ह या बेलारूसी लेखकाच्या 'सोत्निकोव्ह' या १९७०च्या लघुकादंबरीवर आहे. बिकोव्ह स्वतः लाल सैन्यात लढला होता. मेला असं समजून ज्याचा शोक झाला होता तो एक जुना सहकारी १९४४ साली त्याला कैद्यांत दिसला, आणि तो शत्रूच्या बाजूने लढताना पकडला गेलेला होता. रिबाकचं बी तिथे पडलं. ही लघुकादंबरी इंग्रजीत 'द ऑर्डिल' या नावाने आलेली आहे.

चित्रपट तयार झाला तेव्हा तो अडवला जाईल अशी लक्षणं होती. धार्मिक छटा सोव्हिएत अधिकाऱ्यांना पचणाऱ्या नव्हत्या. तेव्हा शेपित्कोचा नवरा, दिग्दर्शक एलेम क्लिमोव्ह, याने बेलारूसच्या कम्युनिस्ट पक्षाचे प्रमुख प्योत्र माशेरोव्ह यांना चित्रपट दाखवायची व्यवस्था केली. माशेरोव्ह युद्धात स्वतः पार्टिझन होते, त्यांच्या आईला जर्मनांनी मारलं होतं. दिवे लागले तेव्हा ते रडत होते. मग ते उठून बराच वेळ बोलले आणि चित्रपटाचा मार्ग मोकळा झाला. १९७७ साली बर्लिनच्या महोत्सवात त्याला सुवर्ण अस्वल मिळालं. मार्ता मेसारोशनंतर हा मान मिळवणारी शेपित्को ही दुसरी स्त्री. २ जुलै १९७९ला पुढच्या चित्रपटाच्या कामावर असताना मोटार अपघातात ती गेली. 'आरोहण'चा छायालेखक व्लादिमिर चुखनोव्हही त्याच गाडीत होता. ती जेमतेम ४१ वर्षांची होती. क्लिमोव्हने तिचा अपुरा चित्रपट पूर्ण केला आणि तिच्यावर 'लारिसा' नावाचा छोटा माहितीपट केला. तो जरूर बघा, वीस-पंचवीस मिनिटांचाच आहे.

यानंतर काय बघावं

क्लिमोव्हचाच १९८५चा 'कम अँड सी', तोही बेलारूसमधला, एका मुलाच्या डोळ्यांनी बघितलेला. पण लागोपाठ बघू नका. मधे निदान महिना जाऊ द्या, तो फार अंगावर येतो.

आणि आपल्याकडची एक गोष्ट माहीत करून घ्या. १९७१च्या युद्धात विमान पडल्यावर पकडले गेलेले मराठी वैमानिक दिलीप परुळकर ऑगस्ट १९७२मध्ये रावळपिंडीच्या कैदी छावणीच्या भिंतीला भोक पाडून दोन सहकाऱ्यांसह, मल्विंदरसिंग ग्रेवाल आणि हरीश सिंहजी यांच्यासह, निसटले. तिघं बसने पेशावरला पोचले, तिथून लंडी कोतलपर्यंत गेले. अफगाण सीमा काही किलोमीटरवर उरली होती. नकाशात सीमेजवळचं एक रेल्वे स्टेशन दाखवलेलं होतं, लंडी खाना. त्यांनी तिथे जायची वाट विचारली. ते स्टेशन १९३२ सालीच बंद पडलं होतं आणि त्या भागातलं कोणी त्याचं नाव घेत नव्हतं. तिघं पकडले गेले, आणि डिसेंबरमध्ये इतर युद्धकैद्यांबरोबर भारतात परतले. या सुटकेवर २०१९ साली 'द ग्रेट इंडियन एस्केप' हा चित्रपट निघाला. तो बघाल तेव्हा वाट विचारण्याच्या त्या प्रसंगाशी माळ्यावरचा खोकला ताडून बघा.